आधारच्या क्यूआर कोडमधली काही हजार अंकी संख्या: उलव्यात रूममेट शोधताना ती का तपासायची?

समजा, उलव्यात तुम्ही दोघांनी मिळून टू बीएचके भाड्याने घेतलाय. भाडं झेपत नाही म्हणून तिसरा पार्टनर हवाय. ग्रुपवर मेसेज टाकला, तासाभरात एकाचा रिप्लाय आला: ‘विमानतळावर नोकरी लागलीये, पुढच्या सोमवारी शिफ्ट होऊ शकतो.’ पाठोपाठ आधारकार्डचा फोटो. नाव, चेहरा, पत्ता, बारा अंकी नंबर, सगळं नीट दिसतंय. तुम्ही काय करता? बहुतेक जण फोटो सेव्ह करतात, घरमालकाला फॉरवर्ड करतात आणि विषय संपतो.

आज उलव्यात हा प्रसंग रोज कुठे ना कुठे घडत असणार. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाला, त्याच दिवशी खारकोपरची लोकल पुढे उरणपर्यंत गेली. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. साहजिकच, नोकरीसाठी येणारे, खोली शोधणारे आणि एकमेकांना अजिबात न ओळखणारे तरुण इथे वाढले. ओळखीचा पुरावा म्हणजे फोनमधला एक फोटो.

आणि नेमका याच काळात फोटोवरचा भरवसा ढासळलाय. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटीच्या नव्या चित्रनिर्मितीतून तयार केलेली खोटी आधारकार्डं सोशल मीडियावर फिरली. फॉन्ट, चिन्ह, फोटो, सगळं बऱ्यापैकी जमलेलं. मग खरं-खोटं ओळखायचं कसं? त्याचं उत्तर कार्डावरच छापलेलं आहे. ते म्हणजे एक प्रचंड मोठी पूर्णांक संख्या.

आधी बारा अंकांचा हिशोब

कार्डावरच्या नंबरपासून सुरुवात करू. आधार नंबर ० किंवा १ ने सुरू होत नाही. शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून काढलेला असतो. त्यासाठी ‘वर्होफ’ पद्धत वापरतात. याकोबस वर्होफ या डच गणितज्ञाने ती १९६९ मध्ये मांडली. टाइप करताना एखादा अंक चुकला किंवा शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली, तर ही पद्धत ती चूक हमखास पकडते.

हे चांगलंच आहे, पण ही पद्धत चुका पकडण्यासाठी आहे, चोर पकडण्यासाठी नाही. पहिले अकरा अंक मनाला येतील ते घ्या आणि शेवटी ० ते ९ मधला एकेक अंक लावून बघा. दहापैकी एक अंक नक्की बसतो. म्हणजे ‘नियमात बसणारा’ नंबर बनवायला जास्तीत जास्त दहा प्रयत्न पुरतात.

असे नियमात बसणारे नंबर एकूण किती? पहिल्या अंकाला ८ पर्याय, पुढच्या दहा जागांना प्रत्येकी १०, आणि शेवटचा आपोआप ठरतो. एकूण ८,००० कोटी. आजवर दिलेले आधार नंबर १४० कोटींहून जास्त आहेत. म्हणजे नियमात बसणारा कुठलाही नंबर मनाने बनवला, तर साधारण ५७ पैकी एकदा तो खरोखर कुणाचा तरी निघेल. एखादी वेबसाइट किंवा ॲप ‘हा आधार नंबर व्हॅलिड आहे’ असं हिरव्या रंगात दाखवते, तेव्हा ती बहुधा एवढंच सांगत असते की शेवटचा अंक बरोबर आहे.

यूआयडीएआयच्या स्वतःच्या साइटवर नंबर तपासता येतो. तिथे तो नंबर खरोखर अस्तित्वात आहे का, आणि वयोगट, लिंग, राज्य अशी जुजबी माहिती कळते. पण समोरचा माणूस तोच आहे का, हे तिथेही कळत नाही. दुसऱ्याचा खरा नंबर आणि स्वतःचा फोटो असं कार्ड बनवणाऱ्याला ही तपासणी अडवू शकत नाही.

क्यूआर स्कॅन केला तर नुसते आकडे?

आता कार्डावरचा क्यूआर बघा. जुन्या कार्डांवरचा कोड साध्या स्कॅनरने वाचला तर नाव-पत्ता सरळ मजकुरात दिसायचा. २०१८ पासून ‘सिक्युअर क्यूआर’ आला. तो साध्या स्कॅनरने वाचला तर स्क्रीनभर फक्त आकडे येतात. अनेकांना वाटतं, कोड खराब आहे. कोड खराब नसतो, ती एक सलग संख्या असते, काही हजार अंकांची.

किती मोठी? भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तली संख्यास्थानांची यादी परार्धापर्यंत जाते, म्हणजे १८ अंक. ही संख्या समजा ३,००० अंकी असेल, तर सेकंदाला एक अंक या वेगाने वाचायला ५० मिनिटं लागतील. क्यूआरच्या सर्वांत मोठ्या प्रकारात तर ७,०८९ अंक मावतात.

पण नाव-पत्त्याची संख्या कशाला करायची? कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षर म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा, म्हणजे एक बाइट. आपण दहाच्या पटीत मोजतो, इथे २५६ च्या पटीत मोजायचं. उदाहरणार्थ, उलवे हे नाव रोमन कॅपिटल अक्षरांत लिहिलं की यू, एल, डब्ल्यू, ई ही चार अक्षरं होतात. त्यांचे आकडे ८५, ७६, ८७ आणि ६९. आता

८५ × २५६³ + ७६ × २५६² + ८७ × २५६ + ६९ = १,४३,१०,६६,४३७

म्हणजे ‘उलवे’ ही संख्या झाली १४३ कोटींच्या घरात. चार अक्षरांत एवढं, तर पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता आणि फोटो धरून हजारो अंक होणारच.

याचा फायदाही आहे. क्यूआरमध्ये फक्त आकडे भरायचे असतील तर तीन अंक १० बिटांत बसतात. १० बिटांत १,०२४ शक्यता, आणि ००० ते ९९९ मिळून १,०००. जवळपास काहीच जागा वाया जात नाही. शिवाय फोटोचे कच्चे बाइट्स काही स्कॅनर मजकूर समजून बिघडवतात. आकड्यांच्या बाबतीत तो घोळ होत नाही.

संख्येच्या आत काय आहे?

यूआयडीएआयने ही रचना जाहीर केलेली आहे, ते काही गुपित नाही. संख्या पुन्हा बाइट्समध्ये बदलायची. मिळालेली फाइल ‘जीझिप’ पद्धतीने दाबलेली असते, ती उघडायची. आत ओळीने मिळतं: आधारचे शेवटचे चार अंक आणि वेळ मिळून झालेला संदर्भ क्रमांक, नाव, जन्मतारीख, लिंग, पत्त्याचे तुकडे आणि छोटा फोटो. मजकुराच्या दोन तुकड्यांमध्ये २५५ हा आकडा भिंतीसारखा उभा असतो. सगळ्यात शेवटी २५६ बाइट्सची डिजिटल सही.

या रचनेमुळे संख्येला एक गंमतशीर गुणधर्म मिळतो. जीझिप फाइलच्या शेवटच्या चार बाइट्समध्ये मूळ माहितीची लांबी लिहिलेली असते, आणि तीही उलट क्रमाने: लहान स्थान आधी, मोठं स्थान शेवटी. आधारची माहिती काही हजार बाइट्सचीच असते. त्यामुळे लांबीची मोठी स्थानं रिकामी राहतात, आणि फाइलचे शेवटचे दोन बाइट्स शून्य येतात.

आपल्या दशमान पद्धतीत संख्येच्या शेवटी दोन शून्यं असली की तिला १०० ने भाग जातो. इथे पाया २५६ आहे. म्हणून शेवटी दोन शून्य बाइट्स असलेल्या संख्येला २५६ × २५६ म्हणजे ६५,५३६ ने पूर्ण भाग जातो. याचा अर्थ, सिक्युअर क्यूआरमधली संख्या कधीच विषम नसते, आणि तिच्या शेवटच्या चार अंकांना १६ ने भाग गेलाच पाहिजे. संख्या …७४७२ ने संपत असेल तर चालेल, कारण ७,४७२ = १६ × ४६७. संख्या …७४७३ ने संपली तर काहीतरी गडबड आहे.

कागद-पेन्सिलने करता येईल अशी ही तपासणी आहे. पण इथे थांबायचं नाही. हा गुणधर्म जीझिपचा आहे, आधारचा नाही. कुणीही आपली खोटी माहिती जीझिपने दाबली की तिलाही ६५,५३६ ने भाग जाणार. वर्होफच्या शेवटच्या अंकासारखंच हे. नापास झाला तर कोड नक्की बिघडलेला, पास झाला म्हणून खरा नाही.

मग खरा गुणधर्म कोणता?

तो शेवटच्या २५६ बाइट्समध्ये आहे. २५६ बाइट्स म्हणजे २,०४८ बिट, आणि दशमान पद्धतीत जास्तीत जास्त ६१७ अंकी संख्या. ही आरएसए पद्धतीची सही आहे. कशी चालते ते छोट्या आकड्यांवर बघू.

दोन मूळ संख्या घ्या, ५ आणि ११. त्यांचा गुणाकार ५५. हा ५५ आणि सोबत ३ हा घातांक सगळ्यांना जाहीर. सही करणाऱ्याकडे एक गुप्त घातांक असतो. तो काढण्यासाठी (५−१) × (११−१) = ४० हवेत. ३ ला ज्या संख्येने गुणून ४० ने भागल्यावर बाकी १ उरते, ती संख्या म्हणजे २७. कारण ३ × २७ = ८१.

आता समजा, माहितीचा सारांश ७ हा आकडा आहे. सही करणारा ७ चा २७ वा घात काढतो, ५५ ने भागतो आणि उरलेली बाकी कार्डावर छापतो. ती येते २८. तपासणाऱ्याला २७ माहीत असण्याची गरजच नाही. तो २८ चा घन काढतो: २१,९५२. त्याला ५५ ने भागलं की बाकी ७. सारांश जुळला, सही खरी.

कुणी माहिती बदलून सारांश ९ केला, तर जुनी सही जुळणार नाही. त्याला नवी सही लागेल, आणि ती आहे ४, कारण ४ चा घन ६४, आणि ५५ वजा केल्यावर ९. संख्या ५५ इतकी लहान असल्यामुळे तो एकेक आकडा लावून बघत ४ शोधून काढेल. किंवा ५५ = ५ × ११ हे ओळखून गुप्त २७ च मिळवेल. म्हणून खऱ्या सहीत ५५ च्या जागी ६१७ अंकी संख्या असते.

एवढ्या मोठ्या संख्येचे दोन मूळ अवयव शोधणं आज कुणालाही जमलेलं नाही. जाहीर आव्हान म्हणून दिलेली आरएसए-२५० ही २५० अंकी संख्या फेब्रुवारी २०२० मध्ये फोडली गेली. त्यासाठी प्रोसेसरच्या एका कोअरने सुमारे २,७०० वर्षं केलं असतं तेवढं काम अनेक मशिन्सवर वाटून करावं लागलं. ६१७ अंक ही त्याच्या अडीचपट लांबी वाटते, पण कष्ट अडीचपट वाढत नाहीत, ते कित्येक अब्ज पटींनी वाढतात.

म्हणजे एआय कितीही हुबेहूब कार्ड काढू दे. ते क्यूआरसारखं दिसणारं ठिपक्यांचं चित्र काढेल, नियमात बसणारा नंबर छापेल, पण यूआयडीएआयच्या चावीशी जुळणारी सही त्याला काढता येणार नाही. हा गुणधर्म तपासणं सोपं आहे, बनवणं अशक्यप्राय.

मग रूममेटच्या कार्डाचं काय करायचं?

यूआयडीएआयचं ‘आधार क्यूआर स्कॅनर’ हे ॲप सही तपासून नाव, पत्ता आणि फोटो दाखवतं. तुमचं काम त्यापुढे सुरू होतं.

- कार्डावरची छापील माहिती आणि स्क्रीनवरची माहिती जुळवा. दुसऱ्याच्या खऱ्या कार्डावरचा क्यूआर उचलून खोट्या कार्डावर चिकटवता येतो. सही खरी निघेल, पण नाव दुसरंच दिसेल.
- स्क्रीनवरचा फोटो आणि समोरचा चेहरा जुळवा. सही सांगते की ही माहिती यूआयडीएआयने दिली. कार्ड आणणारा तोच माणूस आहे, हे सही सांगत नाही.
- फोटोवरून नको, समोरासमोर स्कॅन करा. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो दाबला गेलेला असतो, बारीक ठिपके धूसर होतात. ‘स्कॅन होत नाहीये, पण खरंच आहे’ याला पडताळणी म्हणत नाहीत.
- करार नोंदवा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं कायद्याने बंधनकारक आहे. ऑनलाइन नोंदणीत आधारशी जोडून अंगठ्याची पडताळणी होते. ती कुठल्याही झेरॉक्सपेक्षा भक्कम.

दुसरी बाजू: तुमचाच क्यूआर बाहेर गेला तर?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. सही असणं आणि माहिती कुलूपबंद असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. सिक्युअर क्यूआरमधली माहिती कुणीही उघडून वाचू शकतं. त्यात पूर्ण आधार नंबर नसतो, फक्त शेवटचे चार अंक असतात. पण नाव, जन्मतारीख, घराचा पत्ता आणि फोटो असतो. बरेच जण कार्डाचा फोटो पाठवताना पहिले आठ आकडे काळे करतात आणि क्यूआर तसाच उघडा ठेवतात. म्हणजे दाराला कुलूप आणि खिडकी सताड उघडी.

याच रचनेत मोबाइल आणि ईमेलचे ‘हॅश’ ठेवण्याचीही सोय आहे. हॅश म्हणजे उलट फिरवता न येणारा ठसा. पण भारतीय मोबाइल नंबर ६ ते ९ ने सुरू होतात आणि दहाच अंकी असतात. एकूण शक्यता ४०० कोटी. माणसाला हा आकडा मोठा वाटतो, पण चांगलं ग्राफिक्स कार्ड एवढे हॅश काही सेकंदांत काढून जुळवून बघतं. म्हणून कुठल्याही अनोळखी वेबसाइटवर आपला क्यूआर अपलोड करू नका, आणि ती आकड्यांची रांग गंमत म्हणूनही कुठे पेस्ट करू नका.

नियम कुठे चाललेत?

सरकारी पातळीवरही दिशा हीच दिसते. मे २०२२ मध्ये यूआयडीएआयच्या बेंगळुरू कार्यालयाने ‘आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका’ अशी सूचना काढली होती, आणि गोंधळ उडाल्यावर दोन दिवसांत ती मागे घेतली गेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवं आधार ॲप आलं. त्यात कुणाला काय दाखवायचं हे निवडता येतं. पुढच्याच महिन्यात हॉटेलं आणि कार्यक्रमांचे आयोजक यांनी कागदी प्रती जमवू नयेत, त्याऐवजी नोंदणी करून क्यूआरने किंवा ॲपने पडताळणी करावी, असा नियम आणण्याची तयारी जाहीर झाली.

दिशा बरोबर आहे, पण सोसायटीच्या गेटवर किंवा ब्रोकरच्या ऑफिसात नियम पोचायला वेळ लागतो. तिथे अजूनही ‘आधारची झेरॉक्स द्या’ हेच चालतं. झेरॉक्स घेणाऱ्याला त्यातून काहीच सिद्ध होत नाही, आणि देणाऱ्याची माहिती मात्र ड्रॉवरमध्ये पडून राहते. दोघांचंही नुकसान.

एक प्रश्न भविष्याचाही आहे. १९९४ मध्ये पीटर शोर यांनी दाखवलं की पुरेसा मोठा क्वांटम कॉम्प्युटर अशा संख्यांचे अवयव झटपट काढू शकेल. तेवढं मशीन आज नाही. पण ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेने क्वांटमपुढे टिकतील अशा नव्या सह्यांची मानकं जाहीर केली आहेत. सर्व्हर एका रात्रीत अपडेट करता येतो, पाकिटातलं छापील कार्ड येत नाही. आज छापलेला क्यूआर आणखी पंधरा वर्षांनीही कुणीतरी दाखवत असेल. तेव्हा त्यावरच्या सहीचा भरवसा किती धरायचा, हे आताच ठरवावं लागेल.

तोपर्यंत उलव्यातल्या तुमच्या फ्लॅटपुरतं गणित सोपं आहे. नवा पार्टनर खोली बघायला येईल तेव्हा त्याला चहा द्या, कार्ड मागा आणि त्याच्यासमोर स्कॅन करा. त्यालाही सांगा, ‘माझंही कर.’ झेरॉक्स कुणाचीच ठेवू नका.